हुशार मुलांचे दुखणे

दरवर्षी मे महिना संपत आला की श्रावण लागेपर्यंत माझ्या दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे रोगी येऊ लागतात. वय पंधरा ते एकोणीस. तक्रारी साधारण ठरलेल्या. सकाळी उठल्याबरोबर मळमळ, छातीत धडधड, डोके जड, जेवणावरची वासना गेलेली, रात्री दोन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. मुलगी असेल तर पाळी पुढेमागे होते, केस गळतात. सोबत आई किंवा वडील असतात. नाडी, रक्तदाब, पोट तपासले तर फारसे काही सापडत नाही. मग उठता उठता आई सांगते, "वर्गात पहिला नंबर असतो जी याचा." ही माहिती ती कौतुकाने देते. मी ती लक्षणांच्या यादीत लिहून घेतो.

नापास झालेल्या मुलाची काळजी निदान सगळ्यांना दिसते. मामा येऊन समजावतो, शेजारी विचारपूस करतात, शिक्षक घरी निरोप पाठवतात. पहिल्या बाकावरच्या मुलाचे तसे नसते. त्याला काही दुखत असेल हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. गुण चांगले म्हणजे प्रकृती चांगली, असा आपला हिशोब. म्हणून या आठवड्याचा लेख या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी.

आधी एक खुलासा करतो. विद्यार्थी आहे म्हणून प्रत्येक दुखणे "टेन्शनचे" ठरवून मोकळे होऊ नये. डोके दुखत असेल तर आधी डोळ्यांचा नंबर तपासावा. दम लागत असेल, धडधड होत असेल तर हिमोग्लोबिन पाहावे. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तक्षय फार आढळतो. विदर्भात सिकलसेलची तपासणीही एकदा झालेली असावी. वजन घटत असेल आणि हात थरथरत असतील तर थायरॉईड पाहावे. काटेकोर शाकाहारी घरातल्या मुलाला थकवा आणि मुंग्या असतील तर बी-१२ कमी असू शकते. आणि दिवसाला किती कप चहा होतो हेही विचारावे. अभ्यासासाठी जागणारी मुले संध्याकाळनंतर चार-चार कप चहा घेतात आणि मग झोप येत नाही म्हणून माझ्याकडे येतात. या साऱ्या गोष्टी पाहून झाल्या आणि काही हाती लागले नाही, की मग पुढचा विचार.

धोका दिसला की आपला मेंदू मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावतो. त्या अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदय वेगाने चालू लागते, स्नायू ताठ होतात, पचनाचे काम मागे पडते. साप आडवा आला तर ही व्यवस्था जीव वाचवते. साप निघून गेला की काही वेळात सारे पूर्ववत होते. पण धोका जर रोज सकाळी उठल्याबरोबर समोर उभा राहत असेल तर यंत्रणा बंदच होत नाही. मग मळमळ होते, आंबट ढेकर येतात, पोटात मुरडा येतो, मान आखडते, झोप तुटते. ही दुखणी खोटी नाहीत. "नाटकं करते" असे म्हणणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगतो, उलटी खरी आहे, फक्त तिचे कारण पोटात नाही.

आता प्रश्न असा, की परीक्षेसारख्या गोष्टीचा सापाएवढा धोका का वाटावा? सगळ्याच मुलांना तसा वाटत नाही. वर्गातल्या मधल्या रांगेतल्या मुलाला पेपर कठीण गेला तर तो वाईट वाटून घेतो, दोन दिवस तोंड पाडून बसतो आणि क्रिकेट खेळायला जातो. हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाचे गणित वेगळे असते. त्याच्या लेखी पेपर तपासला जात नसतो, तो स्वतः तपासला जात असतो.

एका मुलीची हकिकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी इथल्याच वसाहतीतली. वडील वीज केंद्रात तंत्रज्ञ, आई घर सांभाळणारी. दहावीपर्यंत शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही. गावात "अमक्यांची हुशार मुलगी" हीच ओळख. पुढे डॉक्टर व्हायचे म्हणून नागपूरच्या एका शिकवणीत नाव घातले. पहाटे साडेपाचला घर सोडायचे, परत यायला अंधार. बारावीच्या दिवाळीनंतर सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरले. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीची तपासणी झाली, अहवाल निर्दोष. वडील फाइल घेऊन माझ्याकडे आले तेव्हा ती बारा तपासण्यांची होती.

वडिलांना बाहेर बसवले आणि मुलीला विचारले, उलटी कोणत्या दिवशी जास्त होते? तिला नवल वाटले, कारण हे कुणी विचारले नव्हते. थोडा विचार करून म्हणाली, "सोमवारी, काका." रविवारी शिकवणीत चाचणी असायची आणि सोमवारी क्रमांकांची यादी भिंतीवर लागायची. "दहावीपर्यंत मी पहिली होते. इथे मी एकशे चाळिसावी आहे. मागच्या सोमवारी एकशे बासष्टावी. मग आता मी कोण?"

"मी कोण" हा प्रश्न या वयात पडणे हे काही रोगाचे लक्षण नाही, तो पडलाच पाहिजे. पण या मुलीजवळ त्याचे एकच उत्तर होते, आणि ते दर सोमवारी भिंतीवर चिकटवले जात होते.

तिच्या बाबतीत जे घडले त्याचा शिक्षणशास्त्रात चांगला अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रेलियातील हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८४ पासून त्यावर लिहिले. लहान डबक्यातला मोठा मासा तळ्यात सोडला की स्वतःला लहान समजू लागतो, अशा अर्थाचे नाव त्यांनी या प्रकाराला दिले. तितक्याच कुवतीचे दोन विद्यार्थी घ्या. एक साध्या शाळेत राहिला, दुसरा निवडक हुशारांच्या शाळेत गेला. दुसऱ्याचे स्वतःच्या हुशारीविषयीचे मत पहिल्यापेक्षा खाली जाते. बुद्धी तेवढीच असते, शेजारी बसणारे बदललेले असतात. खापरखेडा, सावनेर, पारशिवनीकडून नागपूरला, किंवा नागपूरहून कोटा-लातूरला जाणाऱ्या प्रत्येक पहिल्या नंबरच्या मुलाला हा झटका बसतो. कारण तिथे जमलेले सगळेच कुठल्या ना कुठल्या गावचे पहिले असतात आणि त्यांच्यातही कुणीतरी एकशे चाळिसावा येणारच. ही गोष्ट मुलांना जाण्याआधी कुणीही सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी शुल्काचे हप्ते मात्र नीट समजावून सांगितले जातात.

इथे एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, त्यांना चारचौघांत कमी लेखू नये, कुवतीबाहेरची उद्दिष्टे लादू नयेत, असे शिकवणी वर्गांना त्यात सांगितले आहे. पालकांनी प्रवेश घेताना एवढे विचारायला हरकत नाही, की तुमच्याकडे यादी भिंतीवर लागते काय?

असो. आपण त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या जेनिफर क्रॉकर यांनी या विषयावर बरीच वर्षे काम केले. माणूस स्वतःची किंमत कशावर टांगून ठेवतो, हा त्यांचा प्रश्न. कुणी रूपावर, कुणी लोकांच्या पसंतीवर, कुणी अभ्यासातील यशावर. पुढील शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या नोंदी त्यांनी घेतल्या. ज्यांनी आपली किंमत अभ्यासावर टांगली होती त्यांचा स्वतःविषयीचा आदर स्वीकृतीचे पत्र आले की एकदम चढे आणि नकाराचे आले की एकदम उतरे. इतरांना आनंद आणि दुःख होत नव्हते असे नाही, पण त्यांचे हेलकावे लहान होते. पुढे आणखी एक गोष्ट आढळली. विद्यापीठातील नव्या विद्यार्थ्यांमध्ये असे अभ्यासावर किंमत टांगणारे विद्यार्थी जास्त तास अभ्यास करीत होते, पण त्यांना त्या प्रमाणात जास्त गुण मिळत नव्हते. ताण आणि शिक्षकांशी खटके मात्र जास्त होते.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. कारण मुलाला "तुझी किंमत गुणांवर नाही" असे सांगा म्हटले, की वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "मग तो अभ्यास सोडून नाही देईल काय?" प्रश्न योग्य आहे. पोटाला चिमटा काढून त्यांनी शुल्क भरलेले असते. पण मानेवर सुरी ठेवली म्हणजे हात चांगला चालतो, असा अनुभव कुणाचा आहे? भीतीने बसलेला मुलगा पुस्तकासमोर जास्त वेळ बसतो हे खरे. त्यातला अर्धा वेळ तो पुस्तक वाचत नसतो, निकालाची कल्पना करीत असतो. कठीण गणित तो टाळतो, कारण ते चुकले तर आपण हुशार नाही हे सिद्ध होईल. शंका विचारत नाही, कारण विचारली तर बाजूच्याला कळेल. ज्याला हरण्याची मुभा आहे तोच कठीण गणिताला हात घालतो.

या विचाराला मराठीत एक चांगली परंपरा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि "विवेकनिष्ठ मानसोपचार" या नावाने मराठीत आणली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेतही ही पद्धत वापरली जाते. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली आहे.

एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणसाच्या कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. भौतिकशास्त्राच्या पेपरात ४० मिळाले, हे विधान खरे आहे आणि उपयोगाचे आहे, कारण त्यावरून कोणता धडा पुन्हा करायचा ते कळते. "म्हणून मी टाकाऊ आहे" हे विधान पहिल्यातून निघतच नाही. एका माणसात हजार गुणावगुण, सवयी, नाती, बदल असतात. त्यांची बेरीज करून एक आकडा काढण्याचे कुठलेही सूत्र नाही. गंमत अशी की हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. ९६ टक्के मिळाले म्हणून "मी श्रेष्ठ" हे विधानही त्यातून निघत नाही. आपण पहिली चूक दुरुस्त करायला धावतो आणि दुसरी पेढे वाटून साजरी करतो. ज्या मुलाला ९६ ला देव केले, त्याला ८१ ला दगड झाल्यासारखे वाटले तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

एलिस स्वतः तरुणपणी फार बुजरे होते. मुलींशी बोलायची त्यांना भीती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी बोलायचा महिनाभराचा नेम केला. शंभरेक जणींशी ते बोलले. एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही, असे तेच सांगत. पण आपण नाकारले गेलो तरी आभाळ कोसळत नाही हे त्यांना कळले. (आमच्या तरुण वाचकांनी हा प्रयोग नागपूरच्या फुटाळ्यावर करू नये. पोलीस एलिसचे नाव ऐकून घेणार नाहीत.)

हे तत्त्व मुलीच्या वडिलांना सांगताना मी एलिसचे नाव घेतले नाही. त्यांना त्यांच्याच कामातले विचारले. संच ट्रिप झाला तर तुम्ही काय करता? ते म्हणाले, "पहिले कारण पाहतो जी. बॉयलरची ट्यूब लीक हाय का, पंखा गेला का, का अजून काही." मी विचारले, आणि कारण सापडेपर्यंत संचाला शिव्या देत उभे राहता काय? शेजारच्या संचाने किती मेगावॅट दिले ते त्याला ऐकवता काय? ते हसले नाहीत. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्या तेच करतो जी घरी."

आकड्यांचे आणखी एक उदाहरण सर्वांच्या समोर घडलेले आहे. ४ जून २०२४ रोजी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. काहींना दिलेले वाढीव गुण काढण्यात आले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली होती, तज्ज्ञांच्या अहवालानंतर एकच बरोबर ठरले. जुलैअखेर सुधारित निकाल आला तेव्हा पैकीच्या पैकी गुणांचे १७ जण उरले. म्हणजे चाळीसहून अधिक मुले अशी, की जी जूनमध्ये ७२० होती आणि जुलैमध्ये ७१५ झाली. मधल्या दिवसांत त्यांनी ना काही शिकले, ना काही विसरले. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पेपर कठीण निघाला आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण पडले. आदल्या वर्षी एवढे गुण घेऊन तो पहिल्या हजारांतही आला नसता. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर मेडिकलला प्रवेश होता. नंतर राज्याची सीईटी आली, आता नीट आहे. मोजपट्टी बदलली की रांगेचा क्रम बदलतो. मोजपट्टी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. जागा थोड्या आणि मागणारे लाखो असले की कुठली तरी पट्टी लावावीच लागते. पण ती जागा वाटण्याची पट्टी आहे. मुलाची उंची तिच्यावर मोजायची नसते.

१९९० च्या दशकात बोर्डाची गुणवत्ता यादी लागली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात पेढा भरवणाऱ्या आईचा फोटो ठरलेला असे. बोर्डाने पुढे ही यादी जाहीर करणे बंद केले, ते बरे केले. पण ती जागा चौकातल्या फलकांनी घेतली. आता मुलाचा चेहरा कोपऱ्यात आणि शिकवणीचे नाव मोठे, एवढाच फरक.

ताणाविषयी थोडे. ताण अजिबात नसावा असे कुणी समजू नये. आपल्या भागातल्या संत्रा बागायतदाराला ताण म्हणजे काय ते डॉक्टरपेक्षा चांगले कळते. मृग बहार हवा तर मे महिन्यात झाडाचे पाणी तोडतात, आंबिया हवा तर हिवाळ्यात. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते आणि पुढे फुले धरतात. पण तो किती दिवस द्यायचा हे जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत जास्त. पाने वळू लागली की पाणी द्यावेच लागते, नाहीतर झाड वाळते. आणि बहार फुटला नाही तर बागायतदार झाडाला टोमणे मारत नाही, पुढच्या बहाराची तयारी करतो. आपली मुले दोन-दोन, तीन-तीन वर्षे सलग पाणी तोडलेली असतात.

त्यांचे पाणी म्हणजे झोप, जेवण, खेळ आणि कामाशिवाय मारलेल्या गप्पा. झोपेचे महत्त्व विशेष. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे काम मेंदू झोपेत करतो. चार तास झोपून बारा तास वाचणारा मुलगा फुटक्या माठात पाणी भरतो आहे. शिवाय वयात येताना शरीराचे घड्याळ थोडे पुढे सरकते, त्यामुळे मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि पहाटे उठवत नाही. तो आळस नव्हे. पहाटेची बस धरायची असेल तर रात्रीचे वाचन दहाला बंद झालेच पाहिजे, दुसरा उपाय नाही. संध्याकाळनंतर चहा नको, अंथरुणात मोबाईल नको. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी तर मुळीच नको. तिची सवय लागते आणि स्मरणशक्तीवर परिणाम होतो.

घरात कौतुक कसे करावे याबद्दल पालक विचारतात. १९९८ मध्ये कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. एका गटाला कोडी सोडवल्यावर "तू हुशार आहेस" म्हटले, दुसऱ्याला "तू मेहनत केलीस" म्हटले. पुढे मुद्दाम कठीण कोडी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांनी लवकर हात टेकले, पुढची कामे सोपी मागितली आणि गुण विचारल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून सांगितले. अलीकडच्या मोठ्या पाहण्यांत अशा उपायांचा परिणाम पहिल्याएवढा मोठा दिसला नाही, तेव्हा "मेहनत, मेहनत" असा जप करून जादू होईल असे समजू नये. माझ्या मते शब्दांपेक्षा वेळ महत्त्वाची. मूल घरात आल्याबरोबर आपण पहिले काय विचारतो? "किती पडले?" की "जेवलास का?" महिनाभर फक्त हा क्रम बदलून पाहा. अभ्यासाबद्दल विचारूच नये असे नाही, पण जेवण झाल्यावर विचारावे, आणि "कितवा आला?" याऐवजी "कुठे अडलं?" असे विचारावे. निकालाच्या दिवशी नातेवाइकांचे फोन वडिलांनी घ्यावेत, मुलाच्या हातात देऊ नयेत. आणि जे काम गुणांसाठी नाही असे एक तरी काम मुलाकडे असू द्यावे. आजीला दवाखान्यात नेणे, तबला, गाडीची दुरुस्ती, काहीही. तिथे त्याला कुणी क्रमांक देत नाही.

त्या मुलीला मी मळमळीची गोळी थोडे दिवस दिली. मेडिकलच्या मानसोपचार विभागात पाठवले, तिथे तिच्याशी काही बैठकांत बोलणे झाले. शिकवणी सुटली नाही, पण सोमवारची यादी पाहायची नाही असे ठरले. आपल्या चुकांची वही तेवढी पाहायची. पहिले दोन सोमवार तिने चोरून यादी पाहिली, तेही तिनेच सांगितले. चार महिन्यांत वजन परत आले. एमबीबीएसला प्रवेश मिळाला नाही. ती सध्या दुसऱ्या शाखेत पदवीचे शिक्षण घेते. निकालाच्या आठवड्यात अजूनही झोप उडते म्हणते, पण उलटी होत नाही.

सगळ्यांचे घरच्या बदलांनी भागत नाही. दोन आठवडे सतत उदासी, आवडत्या गोष्टींतही रस नाही, झोप आणि भूक बदललेली, एकाग्रता गेलेली, अशी लक्षणे असतील तर ते नैराश्य असू शकते आणि नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. "मी नसतो तर बरं झालं असतं", "तुमच्यावर ओझं आहे" असे मूल एकदाही बोलले, आवडत्या वस्तू वाटू लागले, किंवा फार अस्वस्थ असताना अचानक विलक्षण शांत झाले, तर थांबू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले. सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. अशा मृत्यूंमागे एकच कारण क्वचित असते, आणि वेळेवर मदत मिळालेली पुष्कळ मुले वाचतात हेही तितकेच खरे. मुलाला सरळ विचारावे, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने मूल मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, शेतीची औषधे आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. पोलिसांच्या भीतीने कुणी लपवाछपवी करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

नागपूरला मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तसेच प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. तिथे जाणारा माणूस वेडा असतो, हा समज आता सोडावा. रात्रीबेरात्री बोलायचे असल्यास केंद्र सरकारची टेली-मानस ही फुकट दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. मराठीतून बोलता येते. मूल बोलायला तयार नसेल तर पालकांनी स्वतः फोन करून सल्ला घेतला तरी चालतो.

दवाखान्यात येताना गुणपत्रिका आणायची गरज नाही. मागच्या तीन महिन्यांतील वजन, आठवडाभराच्या झोपेच्या आणि उठण्याच्या वेळा, आणि मूल घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे तेवढी आणा. मुलगी असेल तर पाळीच्या तारखा लिहून आणाव्यात.